बस नको, आंबिल ओढा पुरे

सदाशिव पेठेतल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक यांना,



शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच तुमच्या टेबलावर सहलींची माहितीपत्रकं येऊन पडायला लागतात. गुळगुळीत कागद, त्यावर हसरी मुलं, झिपलाइन, रेन डान्स, ‘नेचर ट्रेल’, दोन वेळचा नाश्ता, जेवण हवं तेवढं आणि खाली मुलामागे किती रुपये तो आकडा. अमुक मुलांमागे दोन शिक्षक मोफत, हेही त्यात असतंच. त्यातलं एखादं पत्रक पुढच्या काही दिवसांत तुम्ही पक्कं कराल. ते करण्याआधी वाचलं जावं म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे.

मागणी एवढीच की सहावी, सातवी आणि आठवीच्या मुलांना या वर्षी दर महिन्यात एकदा, चालत, आंबिल ओढ्यावर न्या. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर दर वेळी त्याच ओढ्यावर. जूनमध्ये नेलंत तर जुलैतही तिथेच आणि डिसेंबरात ‘बाई, परत तिथेच?’ म्हणून मुलं कुरकुरली तरी तिथेच. वर्षाची मोठी सहल हवी तर जरूर काढा, मजेसाठी काढा. फक्त तिला पर्यावरण शिक्षण म्हणू नका.

मी भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि राहते पेठेतच. हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं, पण ते सगळ्यांसमोर ठेवते आहे याला कारण आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे पटेल आणि तरीही पालकसभेत तुमची पंचाईत होईल. ‘फी भरतो ती नाला बघायला का?’ असं कोणीतरी उठून विचारणारच. तेव्हा पालकांनीही हे वाचलेलं बरं.

आठवीचं भूगोलाचं पुस्तक उघडा. त्यात दहा पाठ आहेत आणि दहावा, म्हणजे शेवटचा, ‘क्षेत्रभेट’ आहे. शेवटचा पाठ मार्चमध्ये येतो. मार्चमध्ये उजळणी, तोंडी परीक्षा, गुणपत्रकं आणि वरून उन्हाचा तडाखा. मग क्षेत्रभेटीचा पाठ वर्गात बसून वाचला जातो आणि ‘क्षेत्रभेटीसाठी कोणती पूर्वतयारी कराल?’ या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून दिलं जातं. मुलं ते पाठ करतात. पूर्वतयारी चोख, भेट मात्र नाही. विज्ञानातही सातवीला अनुकूलन आहे, आठवीला परिसंस्था आहे. पाठांना नावं ठेवायला जागा नाही. पण वाळवंटातला उंट आणि ध्रुवावरचं अस्वल पाठ असलेल्या मुलाला शाळेसमोरच्या पिंपळाच्या पानाला शेपटासारखं टोक कशासाठी, हे कोणी विचारलेलं नसतं.

पर्यावरण शाळेत आलं ते न्यायालयाच्या दारातून. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये आदेश दिला की शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर हा विषय सक्तीचा करावा. अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आपल्याकडे हुकूम आला की त्याचं आधी पुस्तक होतं, मग वही, मग श्रेणी आणि शेवटी प्रकल्प. प्रकल्प म्हणजे काय ते अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांना विचारा. ‘जलप्रदूषण’ म्हटलं की ते चित्रांचा छापील तक्ता काढून देतात. कारखान्याचं धुराडं, मेलेला मासा आणि हात जोडलेली पृथ्वी. घरी आई कात्री चालवते, बाबा ठळक अक्षरात शीर्षक काढतात आणि ते सगळं थर्मोकोलच्या पाटावर चिकटवून शाळेत जातं. थर्मोकोलवर!

वेळ नाही ही सबब आता चालायची नाही, कारण तो निदान कागदावर मिळालेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यात पर्यावरणाचा उल्लेख स्पष्ट आहे. त्याच वर्षी आपल्या राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्या शनिवारी काय चालतं हे मी पाहते: विनाअग्नी पाककृती, मेंदी, रांगोळी, क्वचित योगासनं. त्यात वाईट काही नाही. पण दप्तराविनाचे ते दहा दिवस एकगठ्ठा उरकण्याऐवजी महिन्याला एक असे वाटले, तर जून ते मार्च हे पूर्ण वर्ष बरोबर भरतं. तीन ऋतू त्यात येतात. म्हणून दर महिन्याचा हट्ट.

आता ओढाच का, ते सांगते. पेठेतून मुलांच्या पावलांनी अर्ध्या तासाच्या आत दांडेकर पूल येतो. पुलाखालून जातं ते पाणी कात्रजच्या डोंगरात उगम पावतं, कात्रजच्या तलावांतून खाली येतं, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असं करत पर्वतीच्या पायथ्याशी पोचतं आणि पुढे मुठेला मिळतं. डोंगर, तलाव, वस्ती, पूल, नदी. एका ओढ्याचं अख्खं पाणलोट क्षेत्र शहराच्या हद्दीत आहे आणि त्याची दोन्ही टोकं पीएमटीच्या बसने गाठता येतात. (पीएमपीएमएल म्हणायला हवं, पण माझ्या तोंडी पीएमटीच बसलेलं आहे.) नाईलवर किंवा गंगेवर असं करता येत नाही. सातवीच्या मुलाला एखादी नदी मुखापासून उगमापर्यंत समजावून द्यायची असेल तर ती एवढीच लहान असायला हवी.

शिवाय या ओढ्याला इतिहास आहे, तोही आपल्या पेठेशी जोडलेला. पूर्वी तो आजच्या शहराच्या मधून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचं पात्र वळवून पश्चिमेला नेलं, म्हणून इकडच्या पेठांना पसरायला जागा झाली. त्याच पाण्यावर पर्वतीच्या खाली तळं केलं. तळ्यातला गणपती आजही आहे आणि तळ्याच्या जागी सारसबाग आहे. कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून खेळवत शहरात आणलं आणि ते पेठांतल्या हौदांत पडायचं. इतिहासाच्या बाई आणि विज्ञानाचे सर एकाच शनिवारी एकाच पुलावर उभे राहू शकतात, असं ठिकाण पुण्यात दुसरं मला तरी माहीत नाही.

आणि तिथे जवळच मुठेचा उजवा कालवा आहे. खडकवासल्याहून निघालेला हा कालवा पर्वतीच्या कडेकडेने, उंची शक्यतो न सोडता जातो. ओढा मात्र उतार धरून सरळ खाली धावतो. समोच्च रेषा म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवत आले. मुलं मान डोलवायची. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसवून ‘ते पाणी असं आडवं का जातंय आणि हे असं उभं का?’ एवढं विचारलं की निम्मा वर्ग उत्तर देतो. माणसाने नेलेलं पाणी आणि आपसूक गेलेलं पाणी, यातला फरक तिथे डोळ्यांना दिसतो.

हे दोन्ही प्रवाह खवळलेले पुण्याने पाहिले आहेत. २७ सप्टेंबर २०१८ ला, भर दिवसा, पाऊस नसताना कालव्याची भिंत फुटली आणि जनता वसाहत, दांडेकर पूल परिसरात पाणी घुसलं. शेकडो घरांतली भांडी, गाद्या, दप्तरं वाहून गेली. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फोडलं होतं. आठवीच्या वर्गासाठी याहून चांगला प्रश्न कोणता? घूस किती खोल बीळ करते, मातीच्या भरावातून पाणी कसं झिरपतं, कालव्याची देखभाल कोणाकडे असते. हसण्यावारी न नेता मुलांना हे शोधू द्यावं; निष्कर्ष त्यांचे त्यांनी काढावेत. वर्षभराने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजच्या डोंगरात कोसळलेला पाऊस ओढ्याने खाली आणला. सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, गाड्या एकावर एक चढल्या, माणसं गेली. पात्राची रुंदी आपण कुठे कुठे कमी केली होती ते त्या रात्री ओढ्यानेच दाखवून दिलं. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर सांगणारी माणसं अजून पेठेत आहेत. पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना विचारून मुलांनी आपल्या पेठेच्या नकाशावर रेघ मारावी. ही माणसं किती दिवस असणार?

पर्वतीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी एडिंबरामध्ये त्यांनी एक मनोरा घेतला होता. लोकांनी आधी वर जाऊन आपलं गाव सगळं एकदम पाहावं, मग एकेक मजला उतरत त्याचा अभ्यास करावा, ही त्यामागची कल्पना. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचं नदीचं खोरं हे अभ्यासाचं एकक असावं, असं ते सांगत. आपल्याला मनोरा विकत घ्यायला नको. १०३ पायऱ्या चढल्या की कात्रजच्या डोंगरापासून मुठेपर्यंत सगळं समोर पसरतं. सहावीचा पहिला शनिवार पर्वतीवर जावा. वही उघडायची नाही, फक्त बघायचं आणि खाली आल्यावर आठवेल तसा नकाशा काढायचा. त्या वाकड्यातिकड्या नकाशात ओढा बहुतेक नसेलच. तोच नकाशा आठवीच्या शेवटी पुन्हा काढायला लावा. तुमचं मूल्यमापन तिथेच झालं, वेगळा तक्ता भरायला नको.

पुलावर प्रत्यक्ष काय करायचं, हा तुमच्या विज्ञानशिक्षकांचा प्रश्न असेल. साधनं फारशी लागत नाहीत. जुलैतल्या एका शनिवारी वर्गाचे दोन गट करा. एक पुलाच्या वरच्या अंगाच्या कठड्याशी, दुसरा खालच्या. वरचा गट पाण्यात नारळाची करवंटी टाकतो आणि शिट्टी वाजवतो. (करवंटीच, प्लास्टिकच्या बाटल्या ओढ्यात आधीच पुरेशा आहेत.) खालच्या गटाकडे खेळाच्या खोलीतलं स्टॉपवॉच असतं, करवंटी पुलाखालून बाहेर आली की ते थांबवायचं. पुलाची रुंदी टेपने मोजलेली आहे. अंतर भागिले वेळ. वेगाचं सूत्र मुलं एकदा असं वापरतात तेव्हा ‘सर, परत टाकू?’ सुरू होतं आणि परत टाकल्यावर उत्तर वेगळं येतं. मग भांडण: कोणाचं घड्याळ चुकलं? कोणाचंच चुकलेलं नसतं. एक करवंटी मधल्या धारेत पडली, दुसरी काठाला. प्रवाह मध्यात जोरात आणि कडेला मंद असतो, हे वाक्य पुस्तकात छापलेलं आहे. पण ते भांडून मिळालेलं असलं की विसरलं जात नाही.

त्याच दिवशी समोरच्या सीमाभिंतीवरची एखादी ठळक खूण धरून पाणी तिच्यापासून किती खाली आहे ते लिहायचं. आदल्या दिवशी शाळेच्या गच्चीवर कापलेल्या बाटलीच्या पर्जन्यमापकात किती पाऊस जमला तेही लिहायचं. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, म्हणजे आपल्या सिमला ऑफिसचा, आकडा वर्तमानपत्रात येतो, तो शेजारी मांडायचा. दोन्ही क्वचितच जुळतात आणि का जुळत नाहीत हा पुढच्या महिन्याचा प्रश्न. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं मैदान हजार चौरस मीटर असेल आणि पाऊस पन्नास मिलिमीटर पडला, तर पन्नास हजार लिटर पाणी एका दिवसात तुमच्या मैदानावर येतं. मैदानावर पेव्हर ब्लॉक आहेत. मग ते पाणी गेलं कुठे? हा हिशोब सहावीच्या मुलीने मांडल्यावर संस्थाचालकांना जरा अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीकाठी धोबी पक्षी दिसायला लागतो, शेपटी वरखाली हलवत. तो इथला नाही, थंडीचा पाहुणा आहे. तो पहिल्यांदा कोणत्या शनिवारी दिसला त्याची तारीख लिहायची. जानेवारीत पाणी उतरून काळं पडतं आणि वास येतो. तेव्हा एखादा शनिवार तळजईच्या पाचगाव पर्वती वनविहारात घालवावा, गिरिपुष्पाच्या झाडीखाली बाकीची झाडंझुडपं किती कमी उगवतात ते बघावं आणि आपल्या टेकड्यांवर हे परदेशी झाड कोणी, कशासाठी लावलं, ते वन खात्यातल्या कोणाला विचारावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागनाथ पाराच्या आसपास पिंपळांना तांबूस पालवी येते. बाकी महिन्यांचं तुम्ही बघालच.

तिथेच परत परत जाण्यावर मी एवढी अडून बसले आहे, त्याचं कारण एका पुणेकर मुलाच्या गोष्टीत आहे. माधव गाडगीळ तेरा-चौदा वर्षांचे असताना वडिलांबरोबर, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांबरोबर, पक्षी बघायचे. वेड्या राघूच्या शेपटीतून सुईसारखी दोन पिसं बाहेर आलेली असतात. ती दिसेनाशी झाली आहेत हे त्या मुलाच्या लक्षात आलं. वडिलांना उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, पक्षितज्ज्ञ सालिम अलींना विचार. मुलाने पत्र लिहिलं आणि सालिम अलींचं उत्तर आलं: पक्ष्यांची पिसं झडतात, नवी येतात. पुढे ते गाडगीळ पश्चिम घाटाचा अहवाल लिहिणारे शास्त्रज्ञ झाले, ते असो. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की पीस गेल्याचं फक्त त्यालाच कळतं ज्याने ते आधी पाहिलेलं असतं. एकदाच बसने गेलेल्या मुलाला वेडा राघू दिसेल, पण त्याचं पीस हरवलेलं दिसणार नाही. डेन्मार्कमधल्या पुष्कळ शाळा आठवड्या-पंधरवड्याला एक दिवस वर्गच बाहेर नेतात, भाषा आणि गणितासकट. आपण महिन्याला एकदा म्हणतो आहोत.

आता एक नाजूक गोष्ट. पेठेतल्या शाळांमध्ये आज पेठेतली मुलं किती, हे तुमचं हजेरीपत्रक सांगेल. जुनी कुटुंबं कोथरूड-सिंहगड रस्त्याला गेली. वर्गातली बरीच मुलं दांडेकर पूल, जनता वसाहत, पर्वती पायथ्यावरून चालत येतात. ओढा त्यांच्या घरामागे आहे. कालवा फुटला तेव्हा त्यांच्याच घरात पाणी शिरलं होतं. तुम्ही वर्गाला पुलावर उभं करून ‘बघा किती घाण’ म्हणालात, तर त्या मुलांची मान खाली जाईल आणि तुमच्या पर्यावरण शिक्षणाचं तिथेच वाटोळं होईल. उलट, पाणी कुठून वाढतं, कोणत्या वळणावर कचरा अडतो, रात्री कोणाचा टँकर येऊन ओतून जातो, हे शिक्षकांपेक्षा त्यांनाच अधिक माहीत असतं. त्यांनी सांगावं असं वातावरण असेल तर ती सांगतात. सांगायची सक्ती मात्र नको. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. ज्या मुलाचं रान, तोच तिथला जाणकार, हे त्या बायांना त्या काळी समजलं होतं.

हरकतींबद्दल बोलू. पहिली सुरक्षेची आणि ती खरी आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवर कडक अटी आल्या. हमीपत्रांचा ढीग वाढला आणि शिक्षक धास्तावले. त्यांना दोष कोण देणार? पण त्या अटींचा रोख दूरच्या, पाण्यात उतरण्याच्या सहलींवर होता. अर्ध्या तासाच्या अंतरावर, पुलाच्या कठड्याआड, दिवसाउजेडी आणि शाळेच्या वेळेत चालत जाण्याला त्याच मापाने मोजलं, तर मुलांना चौकही ओलांडू देता यायचा नाही. खरा धोका ओढ्याचा नाही, टिळक रस्त्यावरच्या आणि सारसबागेकडच्या वाहतुकीचा आहे. म्हणून पुढे एक, मागे एक आणि मध्ये पालक, सकाळी लवकर, ठरलेला रस्ता, ठरलेली ओलांडायची जागा. पाण्याला हात लावायचा नाही. नमुना हवा तर शिक्षकांनी हातमोजे घालून दोरीच्या बादलीने काढावा. हवामान खात्याने इशारा दिला असेल तर त्या शनिवारी कोणीही बाहेर पडायचं नाही, यावर चर्चाच नको. आणि मुलींच्या शाळांनी निघण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे हे बघून ठेवावं. एवढ्या एका गोष्टीवरून कितीतरी बेत बारगळतात आणि कारण कोणी मोठ्याने सांगत नाही.

दुसरी हरकत शिक्षकांच्या वेळेची. ती ऐकून मी गप्प बसते, कारण मतदारयाद्या, सर्वेक्षणं, संकेतस्थळावर माहिती भरणं यातून शिकवायला उरतो किती वेळ, हे मी भोगलं आहे. त्यावर माझ्याकडे एकच तोड आहे: पेठ निवृत्तांनी भरलेली आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते कट्ट्यावर बसून धरणांच्या गप्पा मारतात. वनस्पतिशास्त्राचे, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सकाळी सारसबागेला फेऱ्या घालतात. श्री. द. महाजन सरांनी या शहरात लोकांना बरोबर घेऊन झाडं दाखवली आणि त्यातून कितीतरी वृक्षप्रेमी तयार झाले. शाळेने बोलावलं तर ही माणसं धावत येतील. फार बोलतील, हा धोका आहे. त्यांना आधी सांगून ठेवा की प्रश्न मुलं विचारणार आणि उत्तर एका मिनिटात संपवायचं.

तिसरी हरकत, याला गुण कुठे? द्या ना. घटक चाचणीत ओढ्याच्या वहीवरचा एक प्रश्न घाला. पालकांचं पुढचं तुम्हाला सांगावं लागणार नाही.

तुम्हाला हे अगदी नवं वाटायचं कारण नाही. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती याच पेठेत आणि अभ्यास-सहल, प्रकल्प हे शब्द तिथल्या मुलांच्या तोंडी बाकीच्यांच्या कितीतरी आधी आले. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढून नदी आणि टेकड्यांचा अभ्यास करायला पुणेकरांना शिकवलं. जाणकार आहेत, जागा आहे, शासनाचा कागदही आहे. निवडक मुलांच्या निवडक गटापुरतं जे होतं, ते भावे स्कूल, टिळक रस्त्याचं न्यू इंग्लिश, रेणुका स्वरूप आणि अशाच सगळ्या शाळांच्या साध्या तुकड्यांना, अ पासून ड पर्यंत मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून पाळा. प्रत्येक मुलाची वेगळी वही असू दे, पण शाळेची म्हणून एक जाड, बांधीव नोंदवही असावी. तारीख, पाऊस, खुणेपासून पाण्याची उतरण, करवंटीला लागलेले सेकंद, दिसलेले पक्षी, आलेला वास. खाली लिहिणाऱ्याचं नाव. ती मुलांच्या घरी जायची नाही, ग्रंथालयात राहायची आणि जूनमध्ये आठवीची तुकडी ती सहावीच्या हातात देईल. दहा वर्षांनी या ओढ्याबद्दल महापालिकेकडे नसेल अशी सलग नोंद तुमच्या शाळेकडे असेल. पुढच्या वेळी कोणी पात्रात भिंत घालायला निघालं, तर हरकतीच्या अर्जाला ती जोडता येईल. चार शाळांनी मिळून नोंदी केल्या तर एक पुलावर, एक तलावाशी, एक मुठेच्या संगमाशी असं वाटूनही घेता येईल; पेठेतल्या शाळांचं वक्तृत्व स्पर्धेखेरीज कशात तरी एकत्र येणं होईल.

येत्या शनिवारी तुमच्यापैकी कोणालाही आधी एकट्याने रस्ता बघून यायचा असेल, तर सकाळी सातला मी भिकारदास मारुतीपाशी थांबते. टेप आणि करवंटी माझ्याकडे आहे, शिट्टी शाळेची आणा.

आपली,
सदाशिव पेठेतली एक निवृत्त भूगोल शिक्षिका